नव्या देशाची राज्यव्यवस्था आखताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी वीस-पंचवीस मुले-मुली तिथे बसतात आणि जानेवारीत कापसाच्या वेचणीतून त्यांना थोडी सवड मिळाली की मी त्यांना एक काम देते : तुमचा देश काल स्वतंत्र झाला असे समजा आणि त्याची राज्यव्यवस्था दोन कागदांवर मांडून दाखवा. हे कागद तपासताना माझ्या लक्षात आले, की मुले ज्या चुका करतात त्या खऱ्याखुऱ्या देशांनीही केलेल्या आहेत आणि त्यांची किंमत तिथल्या सामान्य माणसांनी मोजली आहे. असा उपक्रम घेणाऱ्या शिक्षकांना आणि राज्यघटनेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा, म्हणून त्या चुका आणि त्यांची दुरुस्ती इथे मांडते आहे.

माणूस बघून खुर्ची घडवणे

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे आणि ती चांगल्या मनाने केली जाते. एका मुलाने सुरेख अक्षरात लिहिले होते, ‘राष्ट्रप्रमुख प्रामाणिक व निःस्वार्थी असेल आणि तो आजन्म पदावर राहील.’ ‘प्रामाणिक’ या शब्दाखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या. परंतु तो प्रामाणिक राहिला नाही तर काय, याबद्दल दोन्ही कागदांवर एक ओळही नव्हती.

घाना 1957 साली स्वतंत्र झाला तेव्हा क्वामे एन्क्रूमा हे तिथल्या लोकांचे लाडके नेते होते. 1960 च्या घटनेत पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचे नावच लिहिले गेले आणि पहिल्या राष्ट्राध्यक्षासाठी कायदे करण्याचे खास अधिकार त्यात ठेवले गेले. त्याआधीच, 1958 साली, खटला न चालवता माणसाला अटकेत ठेवण्याचा कायदा झालेला होता. 1964 साली देश एकपक्षीय झाला, म्हणजे नेता बदलण्याचा सरळ मार्गच बंद झाला, आणि 1966 साली सैन्याने सत्ता हातात घेतली.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार किती नेमकेपणाने झाला होता, ते 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा मांडताना केलेल्या भाषणात दिसते. अमेरिकी पद्धतीत सरकारला स्थैर्य जास्त पण जबाबदारी कमी, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त पण स्थैर्य कमी, आणि दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून कोणाला सापडलेली नाही, असे त्यांनी सांगितले. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले होते. संसदीय पद्धतीत सरकारची तपासणी निवडणुकीपुरती राहत नाही, प्रश्न, ठराव आणि अविश्वास प्रस्ताव यांतून ती रोज होत राहते, हे त्यामागचे कारण होते.

दुरुस्ती करताना मी मुलांना एकच प्रश्न विचारते : या खुर्चीवर उद्या तुम्हाला सर्वांत नावडता माणूस बसला, तर त्याला कोण थांबवेल आणि कोणत्या कलमाने थांबवेल? उत्तर कागदावर सापडत नसेल, तर ते कलम नव्याने लिहावे लागते.

तात्पुरत्या व्यवस्थेला शेवटची तारीख न घालणे

काही मुले घटना पंधरा दिवसांत उरकतात, तर काही ‘तोपर्यंत जुने कायदे चालू राहतील’ असे लिहून मोकळी होतात. यातली दुसरी चूक अधिक धोक्याची आहे. जुने कायदे काही काळ चालवावेच लागतात. 15 ऑगस्ट 1947 नंतर भारताचा आणि पाकिस्तानचा कारभार सुरुवातीला 1935 च्या ब्रिटिश कायद्यात फेरफार करूनच चालला. भारतात ही तात्पुरती सोय 26 जानेवारी 1950 रोजी संपली. पाकिस्तानात ती लांबत गेली, जुन्या चौकटीतला गव्हर्नर जनरल बलवान राहिला आणि 24 ऑक्टोबर 1954 रोजी त्या पदावरच्या गुलाम मुहम्मद यांनी घटना समितीच बरखास्त केली. अखेर 1956 साली घटना आली, ती 1958 साली रद्द झाली, आणि प्रौढ मताधिकारावर देशभरातली पहिली सार्वत्रिक निवडणूक तिथे 1970 साली झाली.

घाईचे औषधही आपल्याच इतिहासात आहे. मसुदा समिती 29 ऑगस्ट 1947 रोजी नेमली गेली, 1948 च्या फेब्रुवारीत मसुदा तयार होऊन तो लोकांच्या अभिप्रायासाठी खुला झाला, 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. वेळ लागला, पण काम थांबले नाही.

अधिकार लिहून देणे, साधन न देणे

आमच्याकडची मुले ‘सर्व अधिकार ग्रामसभेला’ असे हमखास लिहितात आणि मला त्याचा आनंद होतो, कारण हा विचार या मातीतलाच आहे. गांधीविचारावर आधारलेला, गावाला पाया मानणारा घटनेचा आराखडा श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी 1946 साली वर्ध्यातूनच मांडला होता. तरीही पुढचा प्रश्न विचारावाच लागतो : पैसा कुठून येणार?

अमेरिकेच्या तेरा राज्यांनी 1781 साली जी पहिली संघव्यवस्था स्वीकारली, तिच्यात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या केंद्रीय विधिमंडळाला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता आणि दुरुस्तीसाठी तेराही राज्यांची संमती लागत होती. आयात मालावर पाच टक्के कर बसवण्याचा प्रस्ताव 1782 साली एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे अडला. युद्धाचे कर्ज डोक्यावर असलेले सरकार राज्यांकडे हात पसरत राहिले आणि 1787 साली फिलाडेल्फियात नवी घटना लिहावी लागली.

जवळचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणणाऱ्या या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क 2009 साली मिळाला; परंतु बांबू बाहेर नेण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती 2011 च्या एप्रिलमध्ये आले. मधल्या काळात हक्क कागदावर होता आणि बांबू जंगलात होता. म्हणून मुलांनी लिहिलेल्या प्रत्येक अधिकारासमोर तीन गोष्टी लिहायला मी सांगते : पैसा, माणूस आणि शिक्का कोणाचा.

याच ठिकाणी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. बाबासाहेबांनी 1948 च्या त्याच भाषणात खेड्यांबद्दल फार कठोर शब्द वापरले होते, आणि गावात राहून ते शब्द मला अन्याय्य वाटत नाहीत. गावाला अधिकार देताना गावातल्या कोणाच्या हाती तो जाईल, हे पाहावे लागते. ग्रामपंचायतीची तरतूद पुढे मार्गदर्शक तत्त्वांत कलम 40 म्हणून आली, तिला घटनात्मक बळ 73 व्या दुरुस्तीने 1993 साली मिळाले, आणि अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रासाठी 1996 साली झालेल्या पेसा कायद्याने पाड्याला, पोडालाही (कोलाम आदिवासींच्या वस्तीलाही) गाव म्हणून स्वतःची ग्रामसभा घेण्याची वाट दिली. आमच्या गावठाणातल्या सभेत दूरच्या कोलाम पोडावरची माणसे मागे उभी असतात आणि क्वचितच बोलतात. त्यांचे बोलणे त्यांच्याच अंगणात ऐकायला मिळाले, की या तरतुदीचे मोल कळते.

भाषेची चूक याच जातीची आहे. ‘एक देश, एक राजभाषा’ असे मुले सहज लिहून जातात. श्रीलंकेने 1956 साली एकट्या सिंहलीला राजभाषा केले आणि तमिळ समाजात दुरावा वाढत गेला. पोडावर घरात कोलामी बोलणाऱ्या मुलीने हा मुद्दा वर्गात मांडला, तेव्हा मला जास्त काही समजावून सांगावे लागले नाही.

मतदार कोण, हे शेवटी ठरवणे

‘किमान दहावी पास असणाऱ्यालाच मत’ असे दरवर्षी दोन-तीन कागदांवर तरी असते. त्या मुलांना मी एवढेच विचारते, की तुमच्या आजीचे मत तुम्ही काढून घेतले आहे, ते तिला घरी जाऊन सांगाल का? 1951 च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे 18 टक्के होती. तरीही प्रत्येक प्रौढाला मत मिळाले, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी मतपेटी ठेवली गेली.

हक्क देण्याहून यादी करणे अवघड होते. प्रौढ मताधिकाराच्या याद्यांचे काम घटना स्वीकारली जाण्यापूर्वीच सुरू झाले होते आणि 1951-52 च्या निवडणुकीसाठी सुमारे 17 कोटी 30 लाख मतदारांची नोंद झाली. परंतु अनेक बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. त्या वेळी ते कठोर वाटले असेल, पण मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे, हे ठसवायला त्याची गरज होती, असे माझे मत आहे.

गेल्या वर्षी अभ्यासिकेतल्या एका मुलीला मी तिच्याच ओळीतल्या घरांची यादी करायला पाठवले. तिच्या वहीत पहिल्या फेरीला तीन ठिकाणी फक्त ‘म्हातारी माय’ असे लिहिलेले होते. मी तिला परत पाठवले. त्यांतल्या एका आजीने थोडा वेळ थांबून स्वतःचे नाव सांगितले, तेव्हा चाळीस वर्षे शेजारी राहिलेल्या बाईने ते पहिल्यांदाच ऐकले. यंदा मी कामाचा क्रम बदलला आहे : आधी प्रत्येकाने आपल्या ओळीतल्या सगळ्या प्रौढांची पूर्ण नावांची यादी आणायची आणि त्यानंतरच राज्यव्यवस्थेचे दोन कागद हातात घ्यायचे.