देवयानी दीर्घिका आणि मृगातला तेजोमेघ शोधायचा कसा?

फोटोतले गुलाबी-निळे रंग आधी डोक्यातून काढून टाका. मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत. दिसतो तो राखाडी, धुरकट पुंजका, आणि शोधायचा तोच.

चंद्र नसलेली रात्र आणि दिव्यांपासून लांबची जागा हवी. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल उघडला की मोजणी पहिल्यापासून. ७×५० किंवा १०×५० चा बायनॉक्युलर (७ किंवा १० पट वर्धन, ५० मिमीचं भिंग) पुरेसा आहे.

मृगात चुकायला फारसा वाव नाही. एका रेषेतल्या तीन ठळक ताऱ्यांच्या दक्षिणेला तीन अंधुक ठिपके एकाखाली एक दिसतात. त्यांतला मधला म्हणजे एम ४२ (एम म्हणजे मेसियेच्या यादीतला क्रमांक) हा तेजोमेघ, वायू आणि धुळीचा ढग, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर.

देवयानी तारकासमूहातल्या दीर्घिकेला, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाला, मात्र वेळ द्या. नोव्हेंबरात रात्री आठ-नऊच्या सुमारास महाश्व (पेगॅसस) तारकासमूहाचा मोठा चौकोन गाठा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून निघालेल्या ओळीत पुढचा तारा मंद, त्यापुढचा ठळक, तो मिराक. तिथून काटकोनात शर्मिष्ठा (कॅसिओपिया) तारकासमूहाकडे वळा: आधी म्यू हा तारा, मग त्याहून मंद न्यू. न्यूच्या अगदी शेजारी, पश्चिमेला, लांबट धुरकट डाग दिसतो. हीच देवयानी दीर्घिका, एम ३१, अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. मिराकपासून ती जवळजवळ ८ अंशांवर आहे आणि १०×५० च्या दृश्यात साधारण साडेसहा अंशच मावतात, म्हणून मिराक सोडून म्यूवर थांबा आणि मगच पुढे सरका. थेट उडी मारणारे बहुतेक इथेच भरकटतात.

डाग दिसेना तर त्याच्याकडे रोखून पाहू नका. नजर थोडी बाजूला ठेवा. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यभागी नसतात. दुर्बिणीला उजवा डोळा लावला असेल तर उजवीकडे बघा, म्हणजे दीर्घिका नाकाच्या बाजूला राहील. उलट केलंत तर ती अंधबिंदूवर (डोळ्याला काहीच न दिसणाऱ्या जागी) जाण्याची शक्यता असते.

मिराकच्या विरुद्ध बाजूला, जवळपास तेवढ्याच अंतरावर एम ३३ ही दुसरी दीर्घिका आहे. तिची प्रत (तेजस्वितेचं माप; आकडा जितका लहान तितकी वस्तू ठळक) ५.७ असली तरी प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरलेला, त्यामुळे आकाश जरा उजळ असलं तरी ती गायब होते. मोठी दुर्बीण आणून वर्धन वाढवणं हा यावरचा उपाय नव्हे. एम ३१ सुद्धा जास्त वर्धनाला नुसता मधला गोळा दाखवते. तिथे सगळ्यात कमी वर्धनाची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) लावा. तेजोमेघांसाठी मिळणारे, ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश जाऊ देणारे ओ-थ्री फिल्टर एम ४२ ला उपयोगी पडतात, दीर्घिकेला नाही: तिचा उजेड ताऱ्यांचा, सगळ्या तरंगलांबींचा असल्याने फिल्टर तोही कापतो.