प्रबंधाला चोपण जमिनीचा विषय घेताय? ईएसपी उतरला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका

नागपुरात मृदाशास्त्राला आलात की चोपण जमीन, म्हणजे सोडियम वाढल्याने पाणी न मुरणारी जमीन, आज ना उद्या समोर येतेच. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे, १९०६ सालचं कृषी महाविद्यालय आहे आणि पश्चिमेला अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. तिच्यावरचा उपाय जिप्सम: त्यातलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतं. त्यात फॉस्फोजिप्सम (खत कारखान्यातलं जिप्सम), प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळून उरलेला गाळ), वीज केंद्रातलं एफजीडी जिप्सम (धुरातला गंधक काढताना तयार होणारं) असा कारखान्यांचा टाकाऊ माल जमिनीच्या कामी लावायचा म्हटलं की विषय लगेच मंजूर होतो. घ्या, जरूर घ्या. कामाचा विषय आहे. फक्त एका ठिकाणी जपा. माझं जवळपास एक वर्ष तिथेच अडकलं होतं.

झालं असं. फॉस्फोजिप्सम टाकलेल्या वाफ्यांचा ईएसपी (मातीच्या कणांना चिकटलेल्या धन आयनांतला सोडियमचा टक्का) प्रयोगशाळेच्या तक्त्यात छान उतरलेला दिसत होता, आणि शेतात मात्र पावसाचं पाणी आधीसारखंच साचून राहत होतं. वरची पपडी तशीच, कपाशी तशीच पिवळी. कारण पद्धतीत होतं. ईएसपी काढताना सोडियमला सीईसीने, म्हणजे माती एकूण किती धन आयन धरू शकते त्या आकड्याने, भागायचं. पण बरेच जण सीईसी वेगळी मोजत नाहीत. अमोनियम अॅसिटेटच्या अर्कात आलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम बेरजेला धरतात आणि तीच सीईसी मानतात. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते. अमोनियम अॅसिटेट ती चुनखडी विरघळवतं, न विरघळलेलं जिप्समही विरघळवतं. ते सगळं कॅल्शियम विनिमयातलं, म्हणजे कणांना चिकटलेलं म्हणून मोजलं जातं आणि बेरीज फुगते.

आकड्यांत पाहा. खरी सीईसी ५० सेंटिमोल प्रति किलो, सोडियम ६. ईएसपी १२. चुनखडीतून २० जास्तीचं कॅल्शियम अर्कात आलं तर बेरीज ७०, ईएसपी दिसेल ८.६. म्हणजे जमीन आहे त्यापेक्षा बरी दिसली. आता हेक्टरी दहा टन जिप्सम टाकलंत आणि ते वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये विरघळल्याविना पडून राहिलं, तर अर्कात आणखी ५ ची भर. बेरीज ७५, ईएसपी ८. सोडियम होता तिथेच आहे, आणि तक्ता म्हणतो सुधारणा झाली! मग शोधनिबंधात त्या आकड्याला ताऱ्याचं चिन्ह (फरक संख्याशास्त्राने खरा ठरल्याची खूण) लागतं आणि शेतकऱ्याला सांगितलं जातं, टाका जिप्सम.

म्हणून सीईसी स्वतंत्र मोजा: ८.२ सामूच्या (pH) सोडियम अॅसिटेटने माती संपृक्त करा, जादा क्षार धुऊन काढा, मग अमोनियम अॅसिटेटने सोडियम बाहेर काढा. विनिमयातला सोडियम काढताना संपृक्त अर्कातला विद्राव्य सोडियम वजा करा. वेळखाऊ आहे, हात दुखतात, तरी करा. इथे जवळची वाट धरू नका. सामूवरही विसंबू नका. नुसत्या चुनखडीनेही सामू ८.२ च्या पुढे जातो, आणि तिथे जिप्समने हाती काही लागत नाही. उलट पुस्तकातली ईएसपी १५ ची रेघ काळ्या चिकण जमिनीला लागू पडेलच असं नाही. त्याच्या बऱ्याच खालीही निचरा बिघडतो.

शेतात स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची असेल तर काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाणी घ्या. नळाचं किंवा विहिरीचं नको, त्यातल्या क्षारांमुळे चिकणमाती फुटतच नाही. सुकं, बोराएवढं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ विरून नुसता ढीग झाला तर घाबरू नका, काळी माती तसं करतेच. पण ढेकळाभोवती दुधासारखा ढग उठला आणि तासांनंतरही खाली बसला नाही, तर सोडियम अजून आहे, मग तक्ता काहीही म्हणो.

दुसरी बाब पाण्याची. लिटरभर पाण्यात जिप्सम साधारण अडीच ग्रॅमच विरघळतं. हेक्टरी पाच टनांसाठी २० लाख लिटर, म्हणजे २०० मिलिमीटर पाऊस, आणि तोही वाहून न जाता मातीत मुरलेला. सुटलेल्या सोडियमला खाली जायला वाट नसेल तर तो मुळांजवळच राहतो. आधी चर, बांध, निचरा. मग जिप्सम पसरून उथळ वखरणी, पाऊस सुरू होण्याआधी. बाटलीतलं 'जमीन सुधारक' विकणारे खूप भेटतील. शंभर ग्रॅम मातीतला एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं, हा हिशेब एकराला लावून पाहा. दोन लिटरच्या बाटलीत तेवढं मावतच नाही.

माल घेताना प्रत्येक खेपेची शुद्धता आणि ओलावा तपासा, ओल्या ढिगाचं वजन फसवं असतं. फॉस्फोजिप्सम खनिज जिप्समपेक्षा बारीक असल्याने लवकर विरघळतं, पण फ्लोराइड आणि रेडियमचा अहवाल मागितल्याशिवाय शेतात नेऊ नका. प्रेसमड सल्फिटेशनचा (उसाचा रस गंधकाच्या धुराने साफ करणारा कारखाना) आहे की कार्बोनेशनचा (चुना आणि कार्बन डायऑक्साइडने साफ करणारा), हे विचाराच. कार्बोनेशनच्या प्रेसमडमध्ये मुख्यतः चुनाच असतो आणि तो आपल्या जमिनीत आधीच भरपूर आहे. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतली राख म्हणजे एफजीडी जिप्सम नव्हे. राख फुकट मिळते म्हणून तिला जिप्समच्या जागी धरू नका, तिच्यात बोरॉनही असतो.

मार्गदर्शक निवडताना माझं मत स्पष्ट आहे: जे सर किंवा मॅडम पेरणीआधी एकदा आणि भर पावसात एकदा शेतात येतात, त्यांच्याकडे जा, मग त्यांच्या नावावर निबंध कमी असले तरी चालेल. आणि पहिल्या हंगामात काही फरक दिसला नाही तर खचू नका. चोपण जमीन वर्षानुवर्षांत बिघडलेली असते, पहिल्या पावसात ती वळत नाही. दुसऱ्या वर्षीही त्याच वाफ्यांवर, त्याच जागेवरून नमुने घ्या. शून्य ते पंधरा सेंटिमीटरच नाही, साठपर्यंत घ्या. वरून गेलेला सोडियम खाली कुठे थांबलाय, ते तिथेच कळतं.