जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेताना काय तपासाल?

जाताना स्वतःचं मेमरी कार्ड, टॉर्च आणि पांढरा कागद सोबत न्या. व्यवहार दिवसाउजेडी करा.

आधी लेन्स काढून पाहा. कॅननच्या लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, लेन्स काढल्यावर उघडंच राहतं. निकॉनच्या बऱ्याच लेन्सना मागची बारीक पट्टी बोटाने सरकवून ते उघडावं लागतं. एका बाजूने टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. धुळीचे चार कण दिसले तर काळजी नको, ते फोटोत उतरत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर मात्र ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ती सहज धरते, काचेवरचं कोटिंग खाते आणि साफ केल्यावरही डाग राहू शकतो. अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी नकोच.

मग सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा कॅमेऱ्याच्या आतला भाग. ॲपर्चर एफ/१६ (म्हणजे बारीक भोक) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून कागदाचा फोटो काढा आणि पूर्ण झूम करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. धूसर काळपट ठिपके म्हणजे धूळ, ती बहुतेकदा ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) निघते. बारीक रेघ म्हणजे ओरखडा, तिथेच थांबा.

शटर (प्रत्येक फोटोला उघडून मिटणारा पडदा) किती वेळा उडालंय हे निकॉनच्या मूळ जेपीईजी फाइलच्या माहितीत सापडतं. कॅननच्या बहुतेक फाइलींत नसतं. उदाहरणार्थ, निकॉनच्या डी५६०० मॉडेलचं शटर १ लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. ८० हजार झाले असतील तर भाव त्या हिशोबाने पाडा.

शेवटी स्क्रूंची डोकी बघा. खरवडलेली असतील तर बॉडी उघडलेली आहे. बिलावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबरशी जुळवूनच पैसे द्या.