कंबर धरल्यावरची गोळी: आधी गोळ्यांचा पत्ता उलटा करून वाचा

सोयाबीन सोंगताना कंबर धरली की मेडिकलातून ‘कंबरेची गोळी’ आणली जाते. ती खरं तर डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायची असते. आणि बहुतेक वेळा त्या एका गोळीत तीन औषधं असतात. पत्त्यामागचं अक्षर बारीक आणि इंग्रजी असतं, म्हणून घरच्या शाळकरी पोराला वाचायला लावा: अॅसिक्लोफिनॅक १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ आणि थायोकोल्चिकोसाइड ४ किंवा ८ मिग्रॅ. कधी तिसऱ्याच्या जागी क्लोरझोक्साझोन असतं. पहिली दोन दुखणं दाबतात, आखडलेला स्नायू सैल करायला तिसरं. त्यामुळे यासोबत तापाची किंवा दुखण्याची वेगळी गोळी घेतली तर तेच औषध दुप्पट पोटात जातं. उन्हात पाणी न पिता राबणाऱ्याच्या किडनीला हे महागात पडतं.

पहिली गोळी जेवण करून, रात्री, घरीच घ्या. त्या रात्री ओलित किंवा जागल असेल तर दुसऱ्या कोणाला पाठवा. सुस्ती सकाळपर्यंत राहू शकते. तोवर मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र नको. मोहाची असो की देशी, दारू पूर्ण बंद. गोळी आणि दारू मिळून गुंगी वाढवतात, श्वास मंद करू शकतात, आणि दुखण्याची गोळी व दारू एकत्र आली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

स्नायू सैल करणारी टिझानिडीन लिहून दिली असेल तर बीपी उतरतं. खाटेवरून एकदम उठू नका, दोन मिनिटं काठावर बसा. हगवणीला किंवा लघवीच्या जळजळीला दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन तिच्यासोबत कधीच नको. टिझानिडीनचं रक्तातलं प्रमाण कितीतरी पटीनं चढतं.

थायोकोल्चिकोसाइड सात दिवसांपुढे नको. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईला आणि सोळा वर्षांखालच्या पोराला तर नाहीच. क्लोरझोक्साझोननं लघवी नारिंगी होऊ शकते, त्याला भिऊ नका. डोळे पिवळे झाले तर मात्र गोळी बंद.

लकव्यानंतर आखडलेल्या हातापायांसाठी बॅक्लोफेन देतात, त्याचं गणित उलटं. ते अचानक सोडलं तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरच हळूहळू कमी करतात. किडनीच्या रोग्यानं शेजाऱ्याकडून ते उसनं घेऊ नये.

पाय लुळा पडला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली तर गोळीची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक घोळ होतो. पंप उतरवल्यावर मांस फडफडतं, घाम, लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात. हे उसण भरणं नाही, कीटकनाशकाची विषबाधा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यानं ती पाहिली. इथं स्नायू सैल करायची गोळी देऊ नका, वेळ जातो आणि श्वास आणखी दबतो. कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात न्या.