जर्नल लिहिताना या चुका टाळा, आणि आधी तो व्हाइटनर दप्तराबाहेर काढा

दर जानेवारीत बारावीच्या केमिस्ट्रीची जर्नल तपासायला बसले की तोच प्रकार. तीसच्या तीस प्रयोगवह्यांत ब्युरेटचं, म्हणजे तोटी असलेल्या मोजनळीचं, रीडिंग ९.८ मिलिलीटर. तीस जणांनी स्वतःच्या हाताने ब्युरेट सोडली आणि एकाच्याही रीडिंगमध्ये थेंबाचा फरक पडला नाही, हे कसं शक्य आहे? मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलमधून तो आकडा आलेला असतो.

एका वर्षीची गोष्ट सांगते. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन होतं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून ते किती लागतं ते मोजायचं. ऑक्झॅलिक ०.०५ मोलर (मोलर हे तीव्रतेचं एकक). परमँगनेट ०.०२ मोलरच्या आसपास असेल, तर १० मिलिलीटर ऑक्झॅलिकला परमँगनेटही जवळजवळ तेवढंच लागतं. एका मुलीच्या तक्त्यात व्हाइटनरचा जाड थर दिसला. पान उजेडात धरलं, तर खाली ११.३, ११.३, ११.३ आणि वर सुबक अक्षरात ९.८. विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचं ९.८ होतं, म्हणून वाटलं माझंच चुकलं."

तिचं चुकलं नव्हतं. परमँगनेट दिवाळीच्या सुट्टीआधी केलेलं, तपकिरी बाटलीऐवजी साध्या काचेच्या बाटलीत खिडकीपाशी राहिलेलं. उजेडाने त्याचा जोर उतरला होता, म्हणून ते जास्त लागत होतं. मी स्वतः करून पाहिलं, ११.२ आलं. या प्रयोगात शोधायची असते ती परमँगनेटचीच तीव्रता! अख्ख्या वर्गात एकीने ती खरोखर मोजली होती, आणि तिनेच ती पुसून टाकली. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून आकडा चुकला असं वाटलं तर त्यावर एकच रेघ मारा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. नवा आकडा शेजारी लिहा, आणि का बदलला ते दोन शब्दांत. पान दिसायला वाईट झालं तरी चालेल.

दुसरी चूक म्हणजे तळहातावर, फिल्टर पेपरच्या कडेला रीडिंग लिहायचं आणि 'घरी जाऊन फेअर करू' म्हणायचं. घरी जाईपर्यंत हात धुतलेला असतो. शंभर पानी शिवलेली कच्ची वही घ्या, पहिल्याच दिवशी पानांवर नंबर घाला. सुटे कागद नकोत. मी आदल्या रात्री उद्देश, सूत्र आणि रिकामा तक्ता आखून ठेवायची, अजूनही ठेवते. प्रयोगशाळेत येऊन पट्टी शोधणाऱ्यांचा अर्धा तास तिथेच जातो. रीडिंग डोळ्यांनी घेतल्याबरोबर लिहायचं, गणित नंतर.

बाकीच्या चुका थोडक्यात. ब्युरेटवर १० आलं तर १०.० लिहा, कारण ती ०.१ पर्यंत मोजते. परमँगनेट गडद असतं, म्हणून ब्युरेटमधल्या त्याच्या वक्र पृष्ठभागाची वरची कड वाचा. तक्त्याच्या मथळ्यात एकक हवंच. आकृती पेन्सिलने. इंडेक्स शेवटच्या रात्री भरायला ठेवू नका, तारखा हमखास चुकतात.

आणि फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला, तर ते गुपचूप ओतून टाकू नका. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं असेल किंवा द्रावण ६०-७० अंशांपर्यंत तापवलं नसेल. 'तपकिरी झालं, आम्ल वाढवून पुन्हा केलं' एवढी एक ओळ लिहा. ती ओळ असलेल्या जर्नलवर मी आनंदाने सही करते.