आयसीएओच्या इंग्रजी चाचणीसाठी फोनचा रेकॉर्डर

आयसीएओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना; तिच्या निकषांवर वैमानिकाचं इंग्रजी बोलणं तपासलं जातं. आरटीची, म्हणजे रेडिओवरच्या संभाषणाची, ठरलेली वाक्यं वैमानिकाला तोंडपाठ असतात, पण ‘पक्षी धडकल्यावर काय केलंत?’ असं परीक्षकाने विचारलं की गाडी अडते.

१. रोज एक प्रसंग घ्या: पक्ष्याची धडक, आजारी प्रवासी, हायड्रॉलिक बिघाड. दोन मिनिटं साध्या इंग्रजीत सांगून रेकॉर्ड करा.
२. दुसऱ्या दिवशी ऐका. भूतकाळ कुठे घसरला, ‘अं...’ कुठे लांबलं ते टिपा. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तरी ऐकाच.
३. तोच प्रसंग पुन्हा सांगा.

उच्चार, व्याकरण, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन, संवाद या ६ बाजूंपैकी सर्वांत कमी पातळी हाच तुमचा निकाल, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान ४ लागते. म्हणून कच्ची बाजू आधी. मराठी हेल चालतो, समजलं की झालं.

उत्तरं मात्र पाठ करू नका. उलटप्रश्न आला की लगेच उघडं पडतं.