ऑफिसात डबा वाटून खायचाय? मग रोजचंच न्या

चार-पाच जणांनी डबे एकत्र उघडून जेवायचं ठरलं की पहिले काही दिवस सगळे जाम जोशात असतात, कोणी पनीर आणतं, कोणी पुलाव, कोणी तर पहाटे उठून अळूवड्या तळून आणतं, आणि मग हळूहळू एकेक जण "आज माझं बाहेर आहे गं" म्हणून सटकायला लागतं. कारण सोप्पंय, लोकल पकडायच्या आधी रोज पाहुणचार कोण करणार! म्हणून पहिली गोष्ट हीच ठरवून टाका की घरी जे होणार होतं तेच आणायचं. दोडका असेल तर दोडका. आणि खरं सांगू का, दुसऱ्याच्या घरचा दोडका आपल्यापेक्षा वेगळा लागतो, कोणी मूगडाळ घालतं, कोणी तीळकूट, कोणी नुसता लसूण-मिरचीवर परततं, मजा त्यातच आहे. आणि त्या दोडक्याच्या शिरा फेकायच्या नाहीत हां, थोड्या तेलावर कुरकुरीत होईस्तोवर परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, मिरची नि मीठ घालून भरड वाटायच्या. भाजीपेक्षा ही चटणी आधी संपते.

आता किती न्यायचं. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, चौघं जेवणार म्हणून प्रत्येक जण चौघांपुरती भाजी आणतो आणि चार वाजता ती टेबलावर पडून असते. अहो, चार भाज्या आल्या तर प्रत्येकीतलं दोन-दोन चमचेच पानात पडतं ना, मग आपल्या एकट्याच्या डब्याच्या दीडपट पुष्कळ झालं. पोळ्या मात्र ज्याच्या त्याच्या. पोळ्यांचा हिशोब एकत्र केला की कोणीतरी उपाशी राहतं आणि बोलत पण नाही.

रोटेशनचं वेळापत्रक वगैरे करू नका, ते कोणी पाळत नाही. त्यापेक्षा रात्री भाजी निवडता निवडता ग्रुपवर एक शब्द टाकायचा, "गवार", बस्स. म्हणजे मग दुसऱ्या दिवशी चारही डब्यांत बटाटा निघत नाही. कोणाला काय चालत नाही ते मात्र सुरुवातीलाच विचारून घ्या, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, गुरुवार-एकादशीचे उपास, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर फारच जपायला लागतं कारण आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं ते सांगा! कोशिंबिरीत आहे, वांग्यात आहे, साबुदाण्यात तर आहेच. अशी ॲलर्जी कोणाला असेल तर ज्याच्यात कूट आहे तो डबा वेगळा ठेवायचा आणि त्याचा चमचा दुसऱ्या भाजीत घालायचा नाही.

वाटून खायला सगळ्यात भरवशाची चीज म्हणजे मटकीची उसळ. सकाळी सहाला केलेली दुपारी एकला जास्त चांगली लागते, मुरते ना. चौघांच्या टेबलाला एक वाटी कोरडी मटकी घ्या, मोड आल्यावर तीन वाट्यांच्या आसपास होते. सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची आणि झाकून ठेवायची, उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळपर्यंत झक्कास मोड येतात, थंडीत मात्र अजून अर्धा दिवस धरून चाला, नाहीतर नुसतेच टिंबाएवढे मोड येतात. फोडणीत मोहरी नीट तडतडू द्या, घाई करू नका, कच्ची मोहरी दाताखाली आली की कडवट लागते, मग हिंग, हळद, कढीपत्ता, कांदा. कांदा मऊ झाला की मटकी घालून दोनेक मिनिटं परतायची आणि वरून गरम पाणी, गारढोण नाही. झाकणावर थोडं पाणी ठेवायचं, लागेल तसं तेच आत ओतायचं. आमसूल किंवा चिंच-गूळ मटकी शिजल्यावरच, आंबट आधी पडलं की कडधान्य लवकर शिजत नाही आणि मग आपण गॅसला दोष देत बसतो. शेवटी गोडा मसाला आणि मीठ. गोड्या मसाल्यात दगडफूल, नागकेशर, तीळ, खोबरं असं सगळं असतं, त्यामुळे तो आहे तर गरम मसाला वेगळा घालायची गरजच नाही. तुमचं सासर-माहेर कोल्हापूरकडचं असेल तर कांदा-लसूण मसाला घाला, चव पूर्ण बदलते आणि टेबलावर दोन पार्ट्या पडतात, पडू देत.

उन्हाळ्यात ओल्या नारळाचं वाटण घातलेली कुठलीही भाजी डब्याला नेऊ नका, पहाटे केलेली दुपारपर्यंत आंबायला लागते, विशेषतः उसळ नि रस्सा. सुकं खोबरं भाजून घाला. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घरून घालून नेलं की पाणीच पाणी, त्यापेक्षा पुडीत मीठ आणि कूट वेगळं न्यायचं नि जेवताना कालवायचं. पिठलं माझं लाडकं आहे, पण डब्यात त्याची वडी होते, न्यायचंच असेल तर एकदम पातळ करा, नाहीतर सरळ झुणका करून न्या, तो कोरडाच छान लागतो.

पोळी मऊ राहायला कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, घडी घालताना तेल लावा आणि भाजल्यावर तव्यावरून थेट डब्यात टाकू नका, वाफेने खालची पोळी ओली होते. सुती कपड्यावर एकेक सुटी ठेवून वाफ जाऊ द्या, मग तूप लावून दुमडा. रश्श्याचा डबा पण गरम असताना बंद केला तर गार होताना झाकण आत ओढलं जातं आणि मग जेवायच्या वेळी चौघं मिळून ते उघडत बसतात, चमच्याचं टोक कडेला घालून हवा आत सोडली की सुटतं. आणि तोंडापर्यंत भरायचा नाही, बोटभर जागा सोडा, गर्दीत बॅग आडवी होतेच होते.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक बरणी कोरड्या चटणीची कायम असू द्या, सोलापुरी शेंगाचटणी, जवसाची, कारळ्याची, काय मिळेल ती. कोणी नुसता दहीभात घेऊन आलं, किंवा एखाद्याच्या घरी काही झालंच नाही आणि तो चार पोळ्या तेवढ्या घेऊन आला, तरी त्याचं जेवण होतं. आणि असं कोणी पोळ्याच घेऊन आलं तर "आज भाजी नाही का?" असं विचारायचं नाही, आपले डबे त्याच्याकडे सरकवायचे.

मासे आणायचे की नाही हा वाद प्रत्येक टेबलावर होतो. आमच्यात खाणारे जास्त असल्यामुळे बुधवार-शुक्रवार चालतात, फक्त सुक्या बोंबलाला आणि कोळंबीला मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, तळलेली सुरमई गारच खायची, श्रावणात बंद, आणि जे खात नाहीत त्यांची भाजी त्या दिवशी आधी वाढून घ्यायची.